गोम ओंबीत आहे
शेती कशी सुरू झाली यावरचा लेख आवडला, पण त्यातलं ‘कुणाच्या तरी हातून दाणे सांडले, पुढच्या वर्षी उगवले आणि शेती सुरू झाली’ हे काही पटलं नाही. बी मातीत पडलं की उगवतं, हे रानोमाळ दाणे वेचणाऱ्यांना ठाऊक नसेल होय? रानगव्हाची ओंबी पिकली की तिचा कणा सांध्यासांध्यात तुटतो आणि दाणे मातीत. अधूनमधून एखादी न तुटणारी निघते. विळ्याने कापताना तीच जास्त हाती लागते, मग तिचंच बी पेरलं जातं. पश्चिम आशियात असा गहू सगळीकडे रुळायला हजारावर वर्षं गेली.

आणि शेतीची घाई तरी कशाला? अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी १९६६ साली तुर्कस्तानात गारगोटीच्या पात्याच्या विळ्याने रानगहू कापून पाहिला. तासाला साधारण किलोभर स्वच्छ दाणा, तोही न पेरता!

तिकडचाच एक जुना गहू आपल्याकडे अजून पिकतो, खपली. आम्ही सांगलीकडचे, खिरीला तोच. मळणी झाली तरी टरफल सोडत नाही, पाण्याचा हात लावून उखळात कांडावा लागतो. आजीच्या तळहाताला त्याचे घट्टे होते. लेखात त्याचं नाव यायला हवं होतं.