अकरा महिन्यांचा अंगठा

भाडेकरार नोंदवायला आलेल्या मुलाने माझा अंगठा यंत्रावर पाच वेळा दाबला आणि पाचही वेळा मी म्हणजे मीच, हे सरकारला पटलं नाही. "भांडी घासता का?" त्याने विचारलं. घासतो. पण हे घरमालकासमोर चव्हाट्यावर आणायची गरज होती का? शेवटी अनामिका पास झाली. (बोट कोरडं असलं की रेघा उमटत नाहीत. ओलसर फडक्याला टेकवून हलकेच ठेवायचं. जोर केला तर रेघा आणखी पसरतात.)

हा सोहळा घरमालकांचे मेव्हणे सोफ्यावरून पाहत होते. त्यांचा करारातला वाटा फक्त चहाचा.

"अकराच महिन्यांचा करा. अकरा महिन्यांना कायदा लागत नाही."

"काका, कायदा लागतो म्हणूनच हा यंत्र घेऊन बसलाय."

"बारावा महिना लागला की भाडेकरू कूळ होतो. मग काढून दाखवा."

अकराचा हा मंत्र 1908 च्या नोंदणी कायद्यातून आला. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची फट शोधली. ती महाराष्ट्रात 2000 सालीच बुजली. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी) कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा. जबाबदारी मालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच खरं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोटरीचा शिक्का इथे कामाचा नाही.

मेव्हण्यांनी चहा बशीत ओतला. "त्र्याहत्तर साली मावशीची खोली अशीच गेली."

इथे मी जरा नरमलो. 1 फेब्रुवारी 1973 ला लायसन्सवर राहत असलेले लोक खरोखरच कायद्याने भाडेकरू ठरले होते. पण मावशीच्या खोलीचा हप्ता मी अजून किती वर्षं भरायचा? आता त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 24 आहे. मुदत संपली की घर सोडायचं, नाही सोडलं तर दुप्पट भाडं. मुदत अकरा महिन्यांची असो की छत्तीस.

मी हिशोब मांडला. भाडं 20,000, डिपॉझिट एक लाख. तीन वर्षांचं भाडं 7,20,000 आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज 30,000. साडेसात लाखांवर पाव टक्का, म्हणजे 1,875 रुपये मुद्रांक शुल्क. शहरात नोंदणी फी 1,000, एकदाच. करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो. अकरा-अकरा करत बसलं की फी दरवेळी नवी, एजंटचे पैसे दरवेळी नवे आणि अंगठाही दरवेळी.

"आणि केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्यात डिपॉझिट दोनच महिन्यांचं आहे," मी जाता जाता म्हणालो.

"ते राज्याने स्वीकारलं तर!" मेव्हणे ताडकन उठून बसले. कलम 55 ठाऊक नाही, पण हे तोंडपाठ.

"मुदत किती टाकू?" मुलाने विचारलं. मालकांनी मेव्हण्यांकडे पाहिलं.

"अकरा."

आता अनामिका जपायला हवी. तोवर भांडी डाव्या हाताने.