स्लाइम मोल्डने उंदराला हरवले, हे कशावरून?

‘मेंदू नसलेला स्लाइम मोल्ड (ओलसर जागी जाळ्यासारखा पसरणारा एकपेशी जीव) शेतातल्या उंदरापेक्षा हुशार असतो, कारण तो चक्रव्यूहातली जवळची वाट न चुकता शोधतो आणि त्याने एका दिवसात टोकियोची रेल्वे आखून दाखवली,’ हा दावा मोठ्या प्रमाणावर पसरला आहे. त्यातले प्रयोग खरे आहेत, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

चक्रव्यूहाचा प्रयोग संशोधक तोशियुकी नाकागाकी व सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध केला. त्यात या जीवाचे तुकडे चक्रव्यूहात जागोजागी ठेवले होते आणि ते वाढून, एकमेकांत मिसळून सगळ्या वाटा भरल्यावरच दोन टोकांना ओटचे खाद्य मांडले. पुढे त्याच्या शरीरातल्या ज्या नलिकांतून जीवरस अधिक वाहत राहिला त्या जाड झाल्या, बंद वाटांतल्या आकसल्या आणि अखेर दोन्ही खाद्यांना जोडणारी आखूड नलिका उरली. ‘न चुकता’ हा शब्दच इथे लागू पडत नाही, कारण हा जीव चुकीच्या वाटांसकट सगळीकडे आधीच पोहोचला होता. उंदराला एका वेळी एकाच वाटेने जावे लागते. तरीही अमेरिकेतल्या कॅल्टेक या संशोधन संस्थेच्या २०२१च्या अभ्यासात प्रयोगशाळेतले उंदीर लागोपाठ सहा फाटे असलेल्या चक्रव्यूहात जेमतेम दहा वेळा पाणी मिळताच तिथवरची वाट शिकले.

टोकियोच्या २०१०च्या प्रयोगात ३६ ठिकाणी खाद्य टोकियो परिसरातल्या शहरांच्या नकाशाबरहुकूम मांडले ते माणसांनी. तयार झालेले जाळे खर्च, कार्यक्षमता व एखादा दुवा तुटला तरी टिकण्याची क्षमता यांत खऱ्या रेल्वेच्या तोडीचे ठरले, हे विलक्षणच आहे. पण कुठे काय जोडायचे हा प्रश्न त्या जीवाला आयता मिळाला होता.

राहिला मेंदूविना वाट लक्षात ठेवण्याचा, म्हणजे स्मृतीचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. स्लाइम मोल्ड मागे सोडलेला चिकट थर टाळतो, म्हणून त्याच जागी पुन्हा भटकत नाही. सगळा पृष्ठभाग आधीच त्या थराने माखला, तर त्याला सापळ्यातून खाद्यापर्यंत पोहोचणे फार अवघड जाते, असे २०१२ साली दिसून आले. स्वतःबाहेर खूण ठेवून वाट काढण्याची ही रीत खरोखर सुंदर आहे, पण नेमक्या याच बाबतीत दाव्यातला उंदीर मागे नाही. ब्रिटनमधला लांब शेपटीचा शेत-उंदीर पाने, काटक्या उचलून पुन्हा यायच्या जागी खूण म्हणून ठेवतो, हे स्टोप्का आणि मॅकडोनाल्ड या संशोधकांनी २००३ साली दाखवले. प्रयोगात दिलेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चकत्याही त्याने तशाच वापरल्या. स्लाइम मोल्डचा थर तो जाईल तिथे पडतो, तर हा उंदीर खुणेची जागा निवडतो आणि शोध पुढे सरकला की खूणही पुढे नेतो.