मीठ भरून बुडखा कुजत नाही : वाडीत फिरणाऱ्या एका निरोपाचा प्रतिवाद

कोकणातल्या बागायतदारांच्या गटांवर एक निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तो फिरला, मे २०२१ मध्ये तौक्ते येऊन गेल्यावर पुन्हा फिरला, आणि अजूनही पावसाळ्याच्या तोंडावर येतोच. त्याचा आशय असा : “पडलेल्या झाडाचा बुडखा काढायला मशीनवाल्याला पैसे देऊ नका. बुडख्यात भोकं पाडा, जाडं मीठ किंवा एप्सम सॉल्ट भरा, पाणी ओता, वर प्लास्टिक झाका. सहा आठवड्यांत बुडख्याचा भुसा होतो, मुळं आपोआप मरतात. राहिलंच तर रॉकेल ओतून पेटवा आणि त्याच जागी नवीन रोप लावा.”

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि दोन वाक्यं शेजाऱ्याच्या वाडीचंही नुकसान करणारी आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“मीठ किंवा एप्सम सॉल्ट भरलं की बुडखा कुजतो”

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल लागते, हवा लागते आणि थोडं नत्र लागतं. मीठ नेमकं उलट काम करतं. बांगडा खारवला की टिकतो, तसंच लाकडाचं आहे. पूर्वी मोठ्या लाकडी जहाजांच्या फळ्यांमधल्या पोकळीत मीठ भरत, ते लाकूड कुजू नये म्हणून.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. माडाची जुनी चुडतं मॅग्नेशियमच्या कमतरतेने पिवळी पडली की हेच खत झाडामागे वर्षाला अर्धा किलो देतात. साध्या मिठाचीही तीच गत. जांभ्या जमिनीत माड लावताना खड्ड्याच्या तळाशी दोन किलो मीठ घालण्याची शिफारस केरळात आहे, त्याने जांभा भुसभुशीत व्हायला मदत होते. ज्या झाडाच्या लागवडीला मीठ चालतं, त्याचाच बुडखा मिठाने संपवायचा हा सल्ला मुळातच उभा राहत नाही.

प्रमाणही पाहा. इंचभर जाडीची, दहा इंच खोल दहा भोकं पाडली तर त्यांत मिळून जेमतेम सव्वा लिटर माल मावतो. दोन फूट व्यासाचा, दोन फूट खोल गेलेला माडाचा गड्डा सुमारे १८० लिटरचा असतो. म्हणजे शेकड्याला एक भागही नाही. शिवाय माडाच्या बुडख्यात ड्रिल घातलं की तंतू बिटाभोवती गुंडाळले जातात आणि मोटर गरम होऊन बसते, ते वेगळंच.

मग ते मीठ जातं कुठे? अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि सच्छिद्र जांभा. ते खाली उतरतं आणि विहिरीच्या वाटेला लागतं. माड खारं सोसतो, पण त्याच्या सावलीत लावलेली पोफळ, केळ, मिरीचा वेल, जायफळ हे सोसत नाहीत.

काही निरोपांत मिठाऐवजी युरिया किंवा गूळ-ताक असतं. हा प्रकार त्यातल्या त्यात कमी चुकीचा, कारण नत्राने बुरशीला थोडी मदत होते. पण त्याने लागणारी वर्षं थोडी कमी होतील, त्यांचे आठवडे होणार नाहीत.

“सहा आठवड्यांत भुसा”

कुठल्या झाडाचा, ते निरोप सांगतच नाही. सगळा घोळ इथे आहे. आंब्याचं लाकूड लवकर कुजणारं, तरी जुन्या कलमाचा जाड बुडखा काही वर्षं जमिनीत राहतो. फणसाचा आणि सागाचा गाभा त्याहून कितीतरी चिवट.

माडाचं खोड तर वेगळ्याच बांधणीचं. त्याला झाडासारखी वर्षाची वलयं नसतात. बाहेरचा भाग घट्ट आणि आतला मऊ. बाहेरच्या थराची घनता घनमीटरला ६०० किलोच्या वर, तर गाभ्याची ४०० च्या खाली. म्हणून आधी गाभा कुजतो आणि बाहेरचं कडक नळकांडं उभं राहतं. त्यात पाणी साचतं, डास होतात. आणि डासांपेक्षा मोठं संकट त्यात वाढतं.

कुजणारा माड म्हणजे गेंड्या भुंग्याचं बाळंतघर. हा भुंगा अंडी घालतो ती शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजलेल्या माडाच्या ओंडक्यात, बुडख्यात. अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात. पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या जाड अळ्या कुजका बुडखा फोडला की आत दिसतात. तयार झालेला भुंगा उभ्या माडाच्या कोवळ्या सुईत, म्हणजे अजून न उलगडलेल्या पानांच्या कोंबात, शिरतो. ती पानं उलगडली की कात्रीने कापल्यासारखी पंख्याच्या आकाराची दिसतात. लहान रोपाचा कोंब मेला की ते रोपच गेलं, कारण माडाला दुसरा कोंब नसतो. मोठ्या झाडाला झालेल्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, आणि तो लागलेला माड बहुधा हातचा जातो.

निरोपातलं प्लास्टिक झाकण इथे आणखी घात करतं. त्याखाली ओल टिकते, आणि कडेला फट राहिली की भुंगा आत जातो. ज्यांना खरोखरच बुडखा काही काळ ठेवावा लागणार आहे, त्यांनी तो जमिनीलगत कापून वर मातीचा जाड थर दाबून द्यावा, किंवा पावसाळ्याआधी फोडून अळ्या वेचाव्यात. मेटारायझियम ही मित्रबुरशी अळ्या असलेल्या जागी टाकता येते. त्यासाठी रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात चौकशी करावी.

“मुळं आपोआप मरतात”

माडाची आणि पोफळीची मरतात. शेंडा गेला की झाड संपलं, त्यांना फुटवा येत नाही. त्यांची हजारो मुळं बोटाएवढ्या जाडीची असतात आणि जागच्या जागी कुजून जातात. ती उकरत बसायची गरज नाही.

आंब्याचं तसं नाही. हापूसचं कलम तोडलं आणि बुडखा राहिला तर फुटवा येतो, आणि तो कलमाच्या जोडाखालून आला तर रायवळीचा, म्हणजे बाठ्यापासून वाढलेल्या गावठी आंब्याचा असतो. चार वर्षं सांभाळून हाती येते ती बाठ्याची आमटी करायची फळं. साग आणि ऐन तर तोडल्यावर अधिक जोमाने फुटतात. अशा झाडांचा बुडखा जमिनीखाली आठ-दहा इंचांपर्यंत काढला की फुटव्याचे डोळे असलेला भागच जातो. हे काम ग्राइंडर, म्हणजे बुडखा खरवडून काढणारं मशीन, नीट करतो.

“मशीनवाल्याला पैसे कशाला”

सगळीकडे मशीन लागत नाही, हे खरं आहे. पोफळीचा बुडखा पहार, टिकाव आणि कुऱ्हाड घेऊन दोन माणसं काढतात. गडग्याला (रचलेल्या दगडांच्या कुंपणाला) किंवा विहिरीच्या काठाला लागून असलेला बुडखा तर काढूच नये. मुळांनी धरलेली माती सुटली की पहिल्याच पावसात गडगा ढासळतो. तो जमिनीलगत कापावा आणि फुटवे येतील तसे खुडत राहावेत.

पण अंगणातला, खळ्यातला, घराच्या चौथऱ्यापासून पाच-सहा फुटांवरचा आंब्या-फणसाचा बुडखा जेसीबीने उपसला तर मुळांबरोबर फरशी, पाण्याची लाइन आणि कधी शोषखड्ड्याची भिंतही वर येते. जेसीबीला पाखाडीवरून, म्हणजे पायऱ्यांच्या अरुंद वाटेवरून, जाता येत नाही आणि ओल्या आगरात त्याच्या चाकांखाली माती इतकी दबते की पुढची दोन वर्षं तिथे काही धड वाढत नाही. हाताने चालवायचा लहान ग्राइंडर तीन फुटी फाटकातून आत जातो. त्याच्या फिरत्या चाकाला कठीण धातूची टोकं असलेले दात असतात. चाक डावी-उजवीकडे झुलवत दर फेरीला इंच-दोन इंच लाकूड खरवडलं जातं. खड्डा बुडख्यापुरताच होतो.

काम बिघडतं ते बहुतेक तीन कारणांनी. पहिलं, दगड. जांभ्याचे चिरे आणि खडी दातांची टोकं उडवतात आणि दगड गोळीसारखा सुटतो. म्हणून आधी बुडख्याभोवती वीतभर खोल चर खणून दगड वेचून घ्यावेत. पुळणीवरच्या वाडीत दगड नसतात, पण वाळू दात झिजवते. तिथे जास्तीचे दात बरोबर असायलाच हवेत. दुसरं, लोखंड. उंदीर चढू नयेत म्हणून माडाला ठोकलेला पत्रा, त्याचे खिळे, कपडे वाळत घालायची तार हे सालीत गाडलेलं असतं. हे मालकाने आधी सांगितलं पाहिजे. तिसरं, माडाचे तंतू. बोथट दात ते कापत नाहीत, नुसते ओढतात, आणि चाकाभोवती दोरखंड वळला जातो. त्यामुळे माडाच्या कामाला नवे किंवा धार लावलेले दात लावणारा माणूस हवा. “माड केले आहेत का” हे आधी विचारावं.

भाव ठरवताना व्यास जमिनीलगत, मुळांच्या फुगवट्यासकट मोजावा. खोली इंचांत ठरवून घ्यावी : वर नुसतं गवत किंवा फुलझाडं यायची असतील तर सहा ते आठ इंच, फरशी बसवायची असेल तर किमान बारा. भुसा कोण नेणार आणि गाडीभाडं धरलं आहे का, तेही बोलावं. पाण्याची लाइन, विजेची केबल, अर्थिंग आणि शोषखड्डा चुन्याने आखून द्यावा. मशीन चालू असताना मुलं आणि गुरं पन्नास फूट लांब, आणि घराच्या बाजूला पत्रा किंवा प्लायवूड आडवं. कामाला ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. पाऊस उघडलेला असतो आणि जमीन अजून दगड झालेली नसते.

वादळात मुळासकट उपटलेल्या झाडावर ग्राइंडर चालत नाही. तिथे धोका निराळा आहे. आडवं खोड करवतीने तोडलं की त्याचं वजन जातं आणि मुळांचा गड्डा झटक्याने परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात कोणी उभं राहू नये. गड्ड्याला मागून टेकू किंवा साखळी लावल्याशिवाय खोड तोडू नये.

“रॉकेल ओतून पेटवा”

ओल्या बुडख्यावर रॉकेल जळून जातं आणि लाकूड नुसतं काळं पडतं. सुक्या बुडख्याची आग मुळांतून जमिनीखाली धुमसत राहते आणि दुसऱ्या दिवशी चार हातांवर वर येते. मार्च ते मे या दिवसांत काजूच्या बागेतला पालापाचोळा आणि सुकं गवत एवढ्यानेच पेट घेतं. जिरलेलं रॉकेल विहिरीला लागतं ते वेगळं.

एक गोष्ट निरोपात नाही, पण सांगायला हवी. वादळाची नुकसानभरपाई मागायची असेल तर पंचनामा होईपर्यंत बुडखा हलवू नये आणि फोटो काढून ठेवावेत. आणि झाड उभं असेल तर आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यांना परवानगी लागते. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हीसुद्धा तोडच धरली जाते. म्हणजे उभ्या झाडाच्या बुंध्यात मीठ भरणंही त्यात आलं.

“त्याच जागी नवीन रोप लावा”

ग्राइंडरचा भुसा मूळ बुडख्याच्या दुप्पट-तिप्पट दिसतो, आणि तो खड्ड्यात परत लोटण्याचा मोह होतो. तसं केलं की कुजताना तो जमिनीतलं नत्र ओढून घेतो, रोप पिवळं पडतं आणि खड्डा वर्षभरात फूटभर खचतो. भुसा काढून खड्ड्यात माती आणि कुजलेलं शेणखत भरावं. माडाच्या भुशाचा ओला ढीग तर मुळीच ठेवू नये, त्यातही गेंड्या भुंगा अंडी घालतो. पातळ पसरून कडक उन्हात वाळवावा, मग आळ्यात आच्छादनाला चालतो.

मात्र मेलेल्या माडाच्या बुंध्यातून लालसर तपकिरी रस झरत असेल, किंवा बुंध्याशी लाकडासारखी कडक अळंबी उगवली असेल, तर तो गॅनोडर्माचा रोग समजावा. असा बुडखा ग्राइंडरने भरडून वाडीभर पसरू नये. गड्डा मुळांसकट खणून काढून पावसाळ्यात किंवा भोवती पालापाचोळा साफ करून जागच्या जागी जाळावा, आणि आजूबाजूच्या माडांपासून ती जागा चर खणून तोडावी. त्या जागी लगेच माड नको.

निरोगी माडाच्या जागी लावायचं असेल तर जुन्या बुडख्यापासून चार-पाच फूट सरकून मीटर लांब, मीटर रुंद, मीटर खोल खड्डा घ्यावा. दोन माडांतलं साडेसात मीटरचं अंतर त्याने फारसं बिघडत नाही, आणि रोपाची मुळं कुजत्या गड्ड्यात न जाता कोऱ्या मातीत उतरतात.