‘नाव बघा आणि डोळे झाकून घ्या’: जुन्या सेडानबद्दलच्या दाव्याला मुद्देसूद उत्तर

मोबाइलवर सध्या एक मजकूर खूप फिरतोय. त्याचा सार असा: कुटुंबासाठी मध्यम आकाराची सेडान हवी असेल तर टोयोटा कॅमरी किंवा होंडा अकॉर्ड जुनी घ्या, डोळे झाकून घ्या. कुठलंही वर्ष चालेल. रनिंग कमी असलेली निवडा. गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं असतं, त्याकडे बघू नका. मीटरवर दिवा पेटत नसेल आणि स्कॅनरवर (गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणाऱ्या यंत्रावर) काही दिसत नसेल तर गाडी ठणठणीत समजा. हायब्रिडच्या, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाडीच्या, वाटेला जाऊ नका. नवी गाडी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि जुन्या गाड्यांचा पत्रा दणकट, म्हणून त्याच जास्त सुरक्षित.

यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते लोकांना पटतं. या दोन्ही गाड्यांनी नाव कमावलंय ते उगाच नाही. अकॉर्ड 1976 पासून बाजारात आहे, कॅमरी या नावाची स्वतंत्र फॅमिली कार 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून. नीट सांभाळलेल्या गाड्या तीन लाख किलोमीटरच्या पुढे जातात हेही खरं. पण घराची मोठी रक्कम या सल्ल्यावर लावायची आणि मुलाबाळांना त्या गाडीत बसवायचं, तर तो जसाच्या तसा पुढे ढकलणं मला धोक्याचं वाटतं.

‘कुठलंही वर्ष चालेल’

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. गाडीचं नाव एक असलं तरी आत इंजिन कोणतं आहे, गिअरबॉक्स कोणत्या पिढीचा आहे, हे दर काही वर्षांनी बदलतं.

2007 ते 2011 या काळातली कॅमरी घ्या. बाहेरून सगळ्या जवळपास सारख्याच. पण 2007 ते 2009 च्या चार सिलिंडरच्या गाडीत 2.4 लिटरचं 2एझेड-एफई इंजिन होतं आणि ते ऑइल खाण्यासाठी बदनाम झालं. पिस्टनच्या ऑइल रिंगा कार्बनने जाम होतात आणि ऑइल जळायला लागतं. अमेरिकेत टोयोटाने यासाठी वॉरंटी वाढवली आणि चाचणीत 1,200 मैलांत एक क्वार्ट, म्हणजे साधारण 1,900 किलोमीटरला जवळपास एक लिटर ऑइल कमी झालं तर पिस्टन आणि रिंगा बदलून दिल्या. 2010 मध्ये त्याच बॉडीत 2.5 लिटरचं 2एआर-एफई आलं, आणि ते चांगलं निघालं. म्हणजे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या, एकाच रंगाच्या दोन कॅमरींपैकी एक खर्चात पाडणारी आणि दुसरी निवांत चालणारी असू शकते. त्याच बॉडीतल्या व्ही6, म्हणजे सहा सिलिंडरच्या गाडीची तिसरीच गोष्ट. तिच्यात व्हॉल्व्ह टायमिंगला ऑइल नेणाऱ्या पाइपचा एक तुकडा रबराचा होता. तो फुटला की इंजिनातलं ऑइल भराभर बाहेर. नंतर पूर्ण धातूचा पाइप आला. अशी व्ही6 बघायला गेलात तर तो पाइप बदललाय का, एवढं बॉनेट उघडून आधी बघा.

अकॉर्डचंही तेच. 1990 च्या दशकाच्या शेवटापासून 2004 पर्यंतच्या व्ही6 ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स हा होंडाच्या इतिहासातला दुखरा भाग. 2004 मध्ये होंडाला दुसऱ्या गिअरच्या तापण्यावरून मोठा रिकॉल काढावा लागला, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि त्यात 2003-04 ची व्ही6 अकॉर्डही होती. पुढच्या पिढीत, 2008 ते 2012 मध्ये, व्ही6 ला काही सिलिंडर आपोआप बंद करणारी यंत्रणा आली. पेट्रोल थोडं वाचलं, पण ऑइल जळण्याच्या आणि प्लग काळे होण्याच्या तक्रारी वाढल्या. 2018 पासूनच्या 1.5 लिटर टर्बोमध्ये हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) गेल्याच्या तक्रारी बऱ्याच आहेत. त्या गाडीत कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची पातळी कारण नसताना उतरत असेल तर तिथूनच मागे फिरावं.

याच वर्गातल्या बाकी नावांना हा नियम लावून बघा. 2011 ते 2014 च्या ह्युंदाई सोनाटाच्या थीटा-2 इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मशिनिंगमधला धातूचा चुरा राहिल्याने बेअरिंग जाण्याचा धोका होता. त्यावर 2015 आणि 2017 मध्ये रिकॉल निघाले. निसान अल्टिमाच्या 2013 ते 2016 च्या सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या) गिअरबॉक्सची वॉरंटी कंपनीला अमेरिकेत 84 महिने किंवा 84,000 मैलांपर्यंत वाढवावी लागली. या सगळ्या लोकप्रिय, भरपूर खपलेल्या गाड्या. नावलौकिक हा लाखो गाड्यांच्या सरासरीचा असतो. तुमच्या हातात पडते ती एकच गाडी, एका वर्षाची, एका इंजिनाची.

‘रनिंग कमी तर गाडी चांगली’

दहा वर्षांत चाळीस हजार किलोमीटर चाललेली गाडी बघून लोक हरखून जातात. ती कशी चालली, हे कुणी विचारत नाही. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही. ऑइलमध्ये पाण्याचा अंश आणि न जळलेलं पेट्रोल साचत राहतं. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं, मग गाडी चालो वा न चालो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरीकरकरीत असली तरी रबर जुनं ते जुनंच.

टायमिंग बेल्टचं, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचं तर विशेष सांगायला हवं. व्ही6 अकॉर्डला बेल्ट आहे, 2003 पासूनच्या चार सिलिंडरच्या अकॉर्डला चेन. बेल्ट साधारण 1,05,000 मैल किंवा सात वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदलतात. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या दहा वर्षांच्या गाडीचा मालक ‘अजून वेळ आहे’ म्हणेल, पण वर्षांच्या हिशेबाने तो बेल्ट केव्हाच संपलाय. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. एका बेल्टपायी इंजिन उघडावं लागतं.

दीड लाख किलोमीटर बहुतेक हायवेवर चाललेली, प्रत्येक सर्व्हिसची नोंद जपलेली गाडी आणि नोंदी नसलेली कमी रनिंगची गाडी, यांत मी पहिली घेईन. शिवाय मीटर मागे फिरवलेले असतात. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, या तिन्हींची झीज मीटरवरच्या आकड्याशी जुळते का ते बघा. खरी खात्री मात्र तारखेसह किलोमीटर लिहिलेल्या सर्व्हिसच्या कागदांवरूनच होते.

‘गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं’

कुणाच्या आयुष्यभराचं? ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल उष्णतेने खराब होतं, त्यात क्लचच्या प्लेटांची झीज मिसळते. हे कुठल्याही कंपनीने थांबवलेलं नाही. बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिकच (ऑइलची पातळी बघायची पट्टी) दिलेली नसते, त्यामुळे मालक तिकडे फिरकत नाही. पहिल्या मालकाला गाडी पाच-सहा वर्षांत विकायची असेल तर त्याला फरक पडणार नाही. तिसऱ्या मालकाला पडतो, आणि जुनी गाडी घेणारे तुम्ही तो तिसरा मालक आहात. साधारण लाख किलोमीटरच्या आत एकदा तरी ते बदललं गेलंय का, हे कागदावर बघा. ऑइल कंपनीने सांगितलेलंच हवं, विशेषतः सीव्हीटीमध्ये.

‘दिवा नाही, स्कॅनर स्वच्छ, म्हणजे गाडी स्वच्छ’

हा मुद्दा सविस्तर सांगतो, कारण फसवणूक इथे सगळ्यात सोपी आहे. इंजिनचा दिवा पेटत असेल तर विकणारा दहा मिनिटं आधी स्कॅनर लावून गाडीने नोंदलेले दोषांचे कोड पुसून टाकू शकतो. दिवा विझतो, स्कॅनर ‘एकही दोष नाही’ असं दाखवतो. पण कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफेची यंत्रणा या प्रत्येकीची चाचणी गाडी चालताना आपोआप होत असते. स्कॅनरमध्ये ‘रेडिनेस’ नावाचा वेगळा भाग असतो. तिथे चार-पाच चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरीची वायर काढली होती. बॅटरी खरोखर बदलली असेल तर त्याचं बिल असेल. नसेल तर विकणाऱ्याला सांगा, गाडी आठवडाभर रोजच्यासारखी चालवा, मी पुन्हा येतो. 2010 नंतरच्या बऱ्याच गाड्यांत ‘कायमचे कोड’ असाही प्रकार असतो. ते स्कॅनरने पुसता येत नाहीत, दोष गेल्याची खात्री गाडीलाच पटली की जातात. तेही वाचून घ्या.

दुसरं, गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंडच हवं. पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कारण विचारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. 2008 ते 2012 च्या 2.4 लिटर अकॉर्डमध्ये थंड इंजिन सुरू करताना पहिल्या सेकंद-दोन सेकंदांत खरखर असा मोठा आवाज येतो. तो व्हॉल्व्ह टायमिंग बदलणाऱ्या भागाचा, व्हीटीसी ॲक्च्युएटरचा असतो. गरम इंजिनावर तो ऐकूच येत नाही. ऑइल खाणाऱ्या इंजिनाचा निळसर धूरही पुष्कळदा सुरू करतानाच दिसतो. त्याआधी डिपस्टिक ओढून पातळी बघा.

आणि सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरात येणारा भाग धुता येतो. रिळाच्या तळाशी गुंडाळलेला भाग सहसा कुणी धूत नाही. पुरात बुडालेल्या गाडीची मातकट रेघ तिथे राहते. पट्ट्याच्या लेबलवर तारीख असेल तर ती गाडीच्या निर्मितीच्या तारखेशी ताडून पाहा. पट्टा गाडीपेक्षा तरुण असेल तर मधे अपघात झाला असण्याची शक्यता मोठी.

‘हायब्रिडच्या वाटेला जाऊ नका’

इथे दोन भीती एकत्र झाल्यात. एक बॅटरीची. टोयोटाने 2020 पासूनच्या मॉडेलना अमेरिकेत हायब्रिड बॅटरीवर 10 वर्षं किंवा 1,50,000 मैलांची वॉरंटी दिली आणि 2025 पासून कॅमरी तिथे फक्त हायब्रिडच विकली जाते. जुन्या हायब्रिडमध्ये बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी मागच्या सीटजवळ असते. ती धुळीने, केसांनी बुजलेली असेल तर बॅटरी तापून लवकर थकते. घेण्याआधी बॅटरीची तपासणी करून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी भीती गिअरबॉक्सची. कागदावर ‘ई-सीव्हीटी’ वाचून लोक तो अल्टिमासारखा समजतात. कॅमरी हायब्रिडमध्ये दोन मोटरी आणि एक प्लॅनेटरी गिअरसंच असतो. घसरणारा पट्टा त्यात नाहीच. माझ्या मते तो या वर्गातल्या सगळ्यात टिकाऊ गिअरबॉक्सपैकी एक आहे.

‘नवी घेणं म्हणजे पैसे पाण्यात’

आकडेमोड करून बघा. नव्या गाडीची किंमत 100 धरा आणि तिचं आयुष्य 3 लाख किलोमीटर. तीन वर्षांची, 60 हजार चाललेली तीच गाडी 80 ला मिळत असेल तर उरलेल्या 2 लाख 40 हजार किलोमीटरसाठी तुम्ही दर किलोमीटरला नव्याइतकेच पैसे मोजताय, वर वॉरंटी बरीचशी संपलेली. ती 60 ला मिळाली तर दर किलोमीटरचा खर्च एक चतुर्थांश कमी, आणि मग जुनी घेण्यात शहाणपणा आहे. ज्या गाड्यांना नाव आहे त्यांचा भाव लवकर उतरत नाही, म्हणून नेमका याच गाड्यांबाबत हा सल्ला कच्चा पडतो. चिप्सच्या टंचाईच्या काळात, 2021-22 मध्ये, काही जवळपास नव्या गाड्या तर कोऱ्या गाडीपेक्षा महाग विकल्या गेल्या. कर्ज काढणार असाल तर जुन्या गाडीवरचा जास्तीचा व्याजदरही धरा.

‘जुना पत्रा दणकट, म्हणून सुरक्षित’

अपघातात बॉनेटने चुरगळावं आणि केबिनने आकार टिकवावा, अशी रचना असते. पत्र्याच्या जाडीने माणूस वाचत नाही. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने 2012 मध्ये एक कठीण चाचणी आणली: ताशी 64 किलोमीटर वेगाने गाडीच्या पुढच्या भागाचा फक्त 25 टक्के हिस्सा ड्रायव्हरच्या बाजूने अडथळ्यावर आदळवायचा. त्या वर्षीच्या कॅमरीला त्यात सगळ्यात खालची श्रेणी मिळाली, अकॉर्डला सगळ्यात वरची. पुढचा भाग सुधारल्यावर 2015 ची कॅमरीही वर आली. एकाच नावाच्या गाडीत तीन वर्षांचा हा फरक.

टकाटा कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण त्याहून गंभीर. उष्णता आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून त्यांच्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं) अमोनियम नायट्रेट बिघडतं आणि अपघातात धातूचे तुकडे थेट माणसावर उडतात. एकट्या अमेरिकेत सुमारे 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटर परत मागवले गेले. 2001 पासूनच्या अनेक वर्षांच्या अकॉर्ड त्यात आहेत. दुरुस्ती फुकट असते, मालक कितवाही असो. गाडीचा 17 अक्षरी व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक घेऊन रिकॉलचं काम झालंय का, हे पैसे देण्याआधी तपासा. झालं नसेल तर ते करून मगच घरातल्यांना त्यात बसवा.

म्हणून बजेट परवडत असेल तर 2018 च्या पुढची 2.5 लिटर कॅमरी किंवा हायब्रिड अकॉर्ड बघावी असं मला वाटतं. त्या पिढीपासून अमेरिकेत या दोन्हींमध्ये समोरची गाडी ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सरसकट आली. त्याआधीची घेणार असाल तर 2.5 लिटरची 2015 ते 2017 ची कॅमरी बघा, आणि गाडी उचलून खालून तपासायला तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडेच न्या. विकणारा नको म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवा.