गाईडची सही

पीएचडीला नव्या आलेल्या मुलाला सीनियर पहिल्याच आठवड्यात सांगतात, "सरांना दुखवू नकोस. डिग्री घे आणि सुट." सल्ला मायेपोटीच असतो. पण विद्यापीठातला अन्याय टिकतो तो अशाच मायेच्या सल्ल्यांवर, असं माझं ठाम मत आहे.

गाईडच्या, म्हणजे पीएचडीच्या मार्गदर्शक प्राध्यापकाच्या हातात काय काय असतं बघा. सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, सहामाही प्रगती अहवाल, फेलोशिपचे कागद, प्रबंध सादर करणं, पुढे नोकरीसाठी शिफारसपत्र. सगळीकडे त्याची सही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे प्रोफेसरकडे 8, असोसिएटकडे 6 आणि असिस्टंट प्रोफेसरकडे 4 विद्यार्थी. जागाच मोजक्या, त्यात मुलाखतीत आडनाव ऐकून बदलणारे चेहरे आपण सगळ्यांनी पाहिलेत. पुढचं तर कागदावर येतच नाही. परिषदेला कोणाला न्यायचं, पेपर कुठे पाठवायचा हे कोणाच्या कानात सांगायचं, घरी जेवायला कोणाला बोलवायचं. सरकारनं नेमलेल्या थोरात समितीनं 2007 मध्ये दिल्लीच्या एम्स या वैद्यकीय संस्थेतल्या जातिभेदाबद्दल अहवाल दिला, त्यातही दलित-आदिवासी विद्यार्थ्यांची तक्रार होती की शिक्षक आम्हाला पुरेसा वेळ देत नाहीत.

याच्या अगदी उलट कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या शाळकरी भीमराव आंबेडकरांना त्यांनी हेरलं. 1907 साली मॅट्रिकच्या सत्कारात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. तेवढ्यावर थांबले असते तरी लोकांनी त्यांना थोरच म्हटलं असतं. पण पुढच्या शिक्षणाला पैसे कमी पडताहेत म्हटल्यावर त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. आपली ओळख, आपलं वजन दुसऱ्यासाठी वापरलं. माझ्या लेखी मार्गदर्शन ते हे.

मात्र केळुसकर भेटणं हा नशिबाचा भाग झाला, आणि हक्क नशिबावर सोडता येत नाहीत. म्हणून तर रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला आणि डॉ. पायल तडवीची आई आबेदा तडवी या दोन आयांना 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. गेलेली लेकरं परत येणार नव्हती. जातीभेदाविरुद्धचे नियम कॉलेजांनी निदान पाळावेत, एवढंच त्या मागत होत्या.

गाईड असलेल्या मित्रांनो, विद्यार्थी रडत आला तर "सहन कर" म्हणू नका. त्याच्यासोबत अर्ज लिहायला बसा, गरज पडली तर विभागप्रमुखाशी वाईटपणा घ्या. आणि ज्या विद्यापीठांत गाईड बदलायला जुन्या गाईडचंच ना-हरकत पत्र मागतात, तिथे ती अट आधी काढायला लावा. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्याच दारात परवानगी मागायला पोरांनी का जायचं?