‘सगळं नेटवर आहे’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला सांगलीतून उत्तर

गेल्या महिन्याभरात हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला. एक सोसायटीचा, एक दहावीच्या बॅचचा आणि तिसरा भावकीचा. तिन्हीकडे खाली अंगठे आणि टाळ्या. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात मजकूर असा: ‘गूगलच्या जमान्यात वाचनालयं कशाला? सगळं नेटवर फुकट आहे. तिथं येतात फक्त पेपर चाळणारे म्हातारे. सरकार मात्र ग्रंथपालांच्या पगारावर पैसा उधळतंय. जुने ऐतिहासिक कागद इंग्रजांनी कधीच लंडनला नेले, उरले ते वाळवीनं खाल्ले. असेल नसेल ते स्कॅन करा आणि इमारती विका. पटलं तर पुढे पाठवा.’

मला पटलं नाही, म्हणून पुढे न पाठवता इथं लिहितोय.

पगाराचं आधी उरकतो, कारण त्यात फार दम नाही. गावोगावची वाचनालयं सरकारची नाहीतच. ती लोकांनी काढलेल्या संस्थांची आहेत. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली त्यांना मान्यता मिळते आणि अ, ब, क, ड असा वर्ग पाहून अनुदान मिळतं. 2022 साली ते 60 टक्क्यांनी वाढलं, तरी ड वर्गाच्या वाचनालयातल्या ग्रंथपालाला महिन्याकाठी मिळणारी रक्कम चार आकड्यांच्या पुढे जात नाही. म्हणजे ज्याला उधळपट्टी म्हणताय, त्यात दोन माणसांचा किराणाही धड बसत नाही. नुसती पाटी लावून अनुदान खाणारी वाचनालयं होती, हे मात्र खरं. 2012 साली महसूल खात्यानं राज्यभर पडताळणी केली तेव्हा तीही उघडी पडली. त्यांच्याबद्दल मला काही बोलायचं नाही.

‘पेपर चाळणारे म्हातारे’ हेही अर्धंच खरं. आमच्या वाचनालयाचं दार सकाळी साडेआठला उघडायच्या आधी पायरीवर चार-पाच पेन्शनर उभे असतात. पेपरचं मधलं पान आधी कुणाला, यावरून त्यांचा रोज तंटाबखेडा चालतो. अहो, चालू दे की. पण त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तिथं स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी डबा घेऊन येतात ती रात्रीच खाली उतरतात. एका खोलीत चौघं राहणाऱ्या पोराला शांत टेबल आणि पंखा गूगल कुठून देणार? आणि दिवाळीनंतर देवघेवीच्या काउंटरवर या एकदा. एकदाच वर्गणी भरून महिनाभर दिवाळी अंक बदलून नेणाऱ्या बायकांची रांग बघा. कुणाचा अंक कुणी दोन दिवस जास्त ठेवला, याचा हिशेब ग्रंथपालबाईंपेक्षा त्यांना जास्त पाठ असतो.

आता ‘सगळं नेटवर आहे’ याकडे येतो.

बरंच काही आहे, हे मी आधीच कबूल करतो. जुनी गॅझेटिअर्स, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची माहिती देणारी सरकारी पुस्तकं, आहेत, मराठी विश्वकोश आहे. पण विश्वकोश नेटवर आला कुठून? आमच्या शेजारच्या जिल्ह्यातून, वाईहून. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली तिथं तो घडला आणि 1976 साली पहिला खंड निघाला. ती माणसं पुस्तकांच्या कपाटांमध्ये बसून नोंदी तपासत होती. त्यांनी तेव्हा ‘नेटवर बघू’ म्हटलं असतं, तर आज नेटवर बघायला तो नसता.

पण माझा मुद्दा तोही नाही. नेटला प्रश्न विचारावा लागतो, आणि नेमका कुठला प्रश्न विचारायचा हे नेट सांगत नाही. घरातलंच उदाहरण देतो. आजोबांच्या जन्माची नोंद हवी होती. गाव आटपाडी तालुक्यात, म्हणजे जिल्हा सांगली. मी नेटवर ‘सांगली जिल्हा’, गावाचं नाव आणि साल घालून शोधत बसलो. हाती काही नाही. एका कार्यालयात गेलो, तिथल्या कारकुनानं यादी चाळली आणि म्हणाला, ‘तुमचं गाव आमच्याकडं नव्हतंच.’ का नव्हतं, कुणाकडं होतं, हे काही त्यानं सांगितलं नाही.

ते सांगितलं वाचनालयातल्या बाईंनी. मी सहज बोलता बोलता रडगाणं गायलो, तर त्यांनी विचारलं, ‘आजोबांचा जन्म कधीचा?’ मी म्हटलं, ‘एकतीसचा.’ त्या हसल्याच. ‘तेव्हा सांगली जिल्हा कुठं होता, भाऊ?’ संदर्भाच्या कपाटातून त्यांनी 1969 चं सांगलीचं गॅझेटिअर काढून समोर ठेवलं. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात. राजधानी औंध, जे आज साताऱ्याच्या खटाव तालुक्यात आहे. 1948 ला संस्थानं विलीन झाली, 1949 ला जुन्या सातारा जिल्ह्याचे काही तालुके आणि आसपासची संस्थानं मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, आणि त्याला ‘सांगली’ हे नाव मिळालं ते 21 नोव्हेंबर 1960 ला. म्हणजे माझं गाव जागचं हललं नाही, पण कागदावर त्याचे तीन पत्ते झाले. मी तिसऱ्याच पत्त्यावर पहिल्या पत्त्याची चिठ्ठी शोधत होतो. घरी येऊन आत्याची लग्नपत्रिका काढून बघितली. 1955 ची, खाली छापलंय ‘जि. द. सातारा’. इतकी वर्षं ती ट्रंकेत होती, पण त्या ‘द.’कडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या कुणालाही जुना कागद शोधायचा असेल, तर आधी हे विचारायचं: 1948 पूर्वी आपलं गाव कुणाचं? जत असेल तर जत संस्थान. मिरजेकडचं असेल तर मिरज संस्थानाच्या दोन शाखांपैकी थोरली पाती की धाकटी पाती. तासगाव, वाळवा, शिराळा असेल तर इंग्रजी अमलातला सातारा जिल्हा. हे एकदा समजलं की मग पुढं गाव नमुना 14, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो ती गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही, नाहीतर शाळेचं जनरल रजिस्टर.

शाळेच्या रजिस्टरला हसू नका. साताऱ्यातल्या शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 ची नोंद आहे, ‘भिवा रामजी आंबेडकर’. ते पुस्तक जपलं गेलं म्हणून राज्यात 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस झाला. कुण्या मास्तरांनी ते रद्दीत घातलं असतं तर?

‘कागद लंडनला गेले.’ काही गेले, नाही कोण म्हणतो? पण साताऱ्याच्या कागदांचं बघाल तर बहुतेक गेले ते पुण्याला. साताऱ्याचं राज्य 1848 ला खालसा झालं. साताऱ्याच्या छत्रपतींचं शाहू दप्तर आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, पेशवे दप्तराच्या शेजारी. रियासतकार सरदेसाईंनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दप्तरातले निवडक कागद छापले, तर त्याचेच 45 खंड झाले. बाकीचं अजून रुमालात, म्हणजे कापडी गाठोड्यात, बांधलेलं आहे. रावबहादूर पारसनीसांनी साताऱ्यात जन्मभर कागद, चित्रं गोळा केली, मेणवलीचं नाना फडणवीसांचं दप्तर उजेडात आणलं. त्यांचा संग्रहही 1939 ला पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. लंडनचा व्हिसा लागत नाही, साताऱ्याच्या स्टँडवरून पुण्याची एसटी पकडली की झालं. आणि सगळंच बाहेर गेलं असंही नाही. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी शाळेतली मास्तरकी सांभाळून पटवर्धनांच्या दप्तरातले कागद वाचले आणि ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंडामागून खंड काढले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898 ला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यातले पानिपतच्या काळातले कागद वाईतले.

आता शेवटचं, ‘स्कॅन करा आणि विका’.

स्कॅन कराच. जरूर करा. ऑगस्ट 2019 ला कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांचं काय झालं, ते सांगलीकराला सांगायला नको. भिजलेल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. पानांमध्ये टीपकागद घालून, पंख्याखाली पसरून, जे वाचेल ते वाचवायचं. जुनी काजळीची शाई उन्हानं फिकी होत नाही, पण तिच्यात डिंक असतो, पाणी लागलं की पसरते. तेव्हा आधीच फोटो निघालेला असता तर बरं झालं असतं, हे मी मान्य करतो.

पण स्कॅन झालं म्हणजे कागद सापडला, असं होत नाही. पुण्यात एकदा ओळखीच्या अभ्यासकांबरोबर रुमाल सोडताना बघितलाय. गाठ सुटली, पहिला कागद उघडला आणि टेबलावर बारीक चमचमती वाळू पडली. शाई वाळायला दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी टाकलेली. आधी आडवी रेघ ओढलेली आणि खाली बोरू न उचलता गिरवलेली मोडी. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. आणि साल? ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन 1161. ही जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना, तिचं वर्ष मृगाला सुरू होतं. त्यात 599 मिळवा, 1760 आलं. जानेवारीतली नोंद असेल तर मात्र 1761, म्हणजे पानिपताचा संक्रांतीचा महिना. नेटवर ‘पानिपत 1761’ टाकलंत तर हा कागद कसा सापडेल? त्यावर 1761 लिहिलेलंच नाही. कुणीतरी तो वाचून, साल लावून, स्कॅनखाली दोन ओळी टाइप केल्या पाहिजेत.

ती माणसं किती थोडी आहेत, ते 2023 ला कळलं. कुणबी नोंदी शोधायला समिती बसली आणि जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. मशीन विकत मिळतं, मोडीवाला मिळत नाही. इमारत विकून आलेल्या पैशातही नाही.

हे सगळं मी थोडं आखडून भावकीच्या ग्रुपवर टाकलं. ज्या चुलतभावानं मेसेज पाठवला होता त्याचा तासाभरानं फोन. वाचनालयाबद्दल अवाक्षर नाही. ‘आमच्या सासऱ्यांचं गाव जतकडचं. त्यांचं कुठं बघायचं रे?’ मी म्हटलं, सोमवारी बाई असतात, साडेआठला ये. पेपरचं मधलं पान मात्र मागू नकोस.