मावशीला झालेला कॅन्सर रागाचा नाही

‘९० टक्के आजार मनातून येतात. दाबलेल्या रागाची गाठ होते, तोच कॅन्सर. क्षमा करा, गाठ विरघळेल. आनंदी माणसं जास्त जगतात हे विज्ञानानं सिद्ध केलंय. नैराश्याच्या गोळ्या हा नुसता कंपन्यांचा धंदा.’ खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

हा मेसेज कितीतरी ग्रुपवर आला आणि मी तो वाचायच्या भानगडीत पडले नाही. गेल्या आठवड्यात मात्र तो माझ्या मावशीला आला. तिची केमो चालू आहे. फोनवर म्हणाली, ‘जाऊबाईंवरचा राग इतकी वर्षं धरून बसले, त्याचंच हे झालं असेल का गं?’ आता गप्प बसवत नाही.

९० टक्के कुणी मोजले, कसे मोजले, काही पत्ता नाही. पोटातला अल्सरही एके काळी चिडक्या, काळजीखोर माणसांचाच आजार मानला जायचा. १९८२ मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना त्यामागचा जिवाणू सापडला. कुणी ऐकेना, तेव्हा मार्शलनी तो जिवाणू स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज तो अल्सर अँटिबायोटिक्सनी बरा होतो, त्यासाठी कुणाला क्षमा करावी लागत नाही.

आता रागाची गाठ. दोन वर्षांच्या पोराला रक्ताचा कॅन्सर होतो, त्यानं कुणावरचा राग दाबला होता? पेशींच्या जनुकांत बिघाड होत जातो आणि त्या बेलगाम वाढतात, त्याला कॅन्सर म्हणतात. मेसेजवाल्यांच्या बाजूनं बोलणारा एक गाजलेला अभ्यास आहे. १९८९ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की पसरलेल्या स्तनांच्या कॅन्सरच्या ८६ रुग्णांपैकी ज्यांना गटोपचार (रुग्णांनी गटात बसून मन मोकळं करणं) मिळाले त्या सरासरी ३७ महिने जगल्या, बाकीच्या १९. खळबळ उडाली. मग इतरांनी हाच उपचार २३५ बायकांवर करून पाहिला, तो निबंध २००१ मध्ये आला. आयुष्य वाढलं नाही. २००७ मध्ये खुद्द स्पीगलनी १२५ जणींवरचा नवा अभ्यास छापला, त्यातही एकूणात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. हे पुढचे दोन अभ्यास मेसेजात कधीच येत नाहीत.

शिवाय त्या गटांत ‘पॉझिटिव्ह राहा’ असला जप नव्हता. मरणाची भीती, राग, रडू, सगळं मोकळेपणी बोलायचं, असं तिथलं काम होतं. त्यानं २००१ च्या अभ्यासातल्या बायकांचं मन हलकं झालं, वेदनाही कमी जाणवल्या. तेवढंही पुष्कळ आहे. पण हा मेसेज आजारी बाईला रागावण्याचीसुद्धा चोरी करून ठेवतो, आणि गाठ वाढली तर दोष तिच्याच माथी. मला सगळ्यात चीड याची येते.

आनंदी माणसं जास्त जगतात? ब्रिटनमधल्या सात लाखांहून जास्त बायकांची सुमारे दहा वर्षं नोंद ठेवली गेली. आधीचं आजारपण, धूम्रपान वगैरे हिशेबात धरल्यावर दुःखी आणि आनंदी बायकांच्या मृत्युदरात फरक उरला नाही. आजारानं माणूस दुःखी होतो, हे आपण उलटं वाचत होतो.

बरं, थोडं खरंही आहे, तेही सांगते. ताणाखालच्या माणसांना सर्दी लवकर जडते हे १९९१ च्या प्रयोगात दिसलं. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या बायकांची छोटीशी जखमही इतरांपेक्षा उशिरा भरली. हार्ट अटॅकनंतर नैराश्य असेल तर धोका वाढतो. मान्य. पण सर्दीवरून थेट कॅन्सरवर उडी?

राहिल्या गोळ्या. एवढं मनाचं कौतुक करणारा मेसेज मनाच्याच आजारावर औषध नको म्हणतो! गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यातले बरेच मृत्यू टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांनी होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोळ्या सगळ्यांनाच लागतात असं नाही, दुष्परिणामही असतात. पण मेसेज वाचून एका रात्रीत बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोपेचं खोबरं आणि कधी मूळ आजारच पुन्हा. सोडायच्याच असतील तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू.